विमानातून मोजलेले लाकूड

‘आता जंगल मोजायला जंगलात जावे लागत नाही. विमान वरून उडते, लेझरचे किरण सोडते आणि प्रत्येक झाड मोजून येते.’ असे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचले असेल. विज्ञानावरच्या लोकप्रिय लेखांत ते वारंवार येते. शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मीही ते मोठ्या ऐटीत म्हटले होते. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, ‘‘सर, झाडाची उंची वरून कळेल हे पटते. पण खोडाची जाडी वरून कशी दिसली?’’ मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर त्यांना पटले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. या लेखात त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

आधी विमानात काय घडते ते पाहू. विमान जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर आहे असे समजा. त्यातला लेझर प्रकाशाचा एक अतिशय छोटा स्पंद खाली सोडतो. स्पंद कशावर तरी आदळून परत येतो आणि जायला-यायला लागलेला वेळ मोजला जातो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तीन किलोमीटरच्या या फेरीला सेकंदाचा एक लाखांश भाग लागेल. वेळ मोजताना सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली तर अंतरात १५ सेंटीमीटरची चूक होते. आजची घड्याळे ही कामगिरी सहज करतात. असे लाखो स्पंद दर सेकंदाला सुटतात. विमान नेमके कुठे होते आणि कोणत्या बाजूला किती कलले होते याची नोंदही त्याच वेळी होत असते. त्यामुळे प्रत्येक स्पंद जिथे आदळला त्या बिंदूचे अवकाशातले स्थान ठरवता येते.

गंमत पुढे आहे. जमिनीवर पोचेपर्यंत स्पंदाचा झोत पसरून बराच रुंद झालेला असतो. त्याचा काही भाग शेंड्याच्या पानांवरून परततो, काही मधल्या फांदीवरून, आणि फट मिळाली तर उरलेला थेट जमिनीवरून. एकाच स्पंदाची अशी दोन-तीन उत्तरे येतात. शेवटच्या उत्तरांवरून जमिनीचा चढउतार कळतो आणि पहिल्या उत्तरांवरून झाडांच्या छताचा. दोहोंतली वजाबाकी म्हणजे झाडांची उंची. दाट जंगलाखालची जमीन इतकी चांगली दाखवणारे दुसरे साधन आज आपल्याकडे नाही. उंचीच्या बाबतीतही, जमिनीवर उभे राहून शेंडा शोधणाऱ्या माणसापेक्षा विमान बहुधा बरेच. स्पंद नेमक्या शेंड्यावर क्वचितच पडतो, म्हणून उंची थोडी कमी भरते, पण हा दोष सुधारता येतो.

म्हणजे लेझर अंतर मोजतो. अंतरातून उंची मिळते, आणि किती स्पंद जमिनीपर्यंत न पोचता वरच अडले यावरून छताची दाटी मिळते. यादी इथे संपते. खोडाची जाडी तिच्यात नाही, जातही नाही, आणि लाकडाचे घनमीटर तर नाहीतच.

जाडीचे महत्त्व किती? वीस मीटर उंचीची दोन झाडे घ्या. एकाच्या खोडाचा व्यास २० सेंटीमीटर, दुसऱ्याचा २८. फरक आठच सेंटीमीटरांचा, पण छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे दुसऱ्या झाडात जवळजवळ दुप्पट लाकूड असते. वनखात्याचा माणूस म्हणूनच टेप घेऊन छातीच्या उंचीवर, आपल्याकडे १.३७ मीटरवर, गोलाई मोजतो. विमानाला नेमकी ही गोलाई दिसत नाही.

मग विमानाच्या नोंदींवरून काढलेले घनमीटर येतात कुठून? ते बाईंच्या प्रश्नाच्या उत्तरातूनच येतात. पण हे उत्तर लोकप्रिय लेखांत बहुधा गाळलेले असते.

झाडांवरून लेझर फिरवण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात नासाच्या रॉस नेल्सन यांनी व इतरांनी केले होते. पण तेव्हाचे यंत्र विमानाखालच्या एका रेषेवरच मोजत असे. रुंद पट्टा मोजणारी यंत्रे आल्यावर नॉर्वेतल्या एरिक नेसेत यांनी १९९७ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून एक व्यवहार्य रीत बसवली. उत्तर युरोपातले देश आजही मूलतः तीच वापरतात. ती अशी. विमान सगळ्या जंगलावरून उडते. त्याच सुमारास माणसे जंगलात जातात आणि ठिकठिकाणी नमुन्याची वर्तुळे आखतात. फिनलंडमध्ये अशा वर्तुळाची त्रिज्या बहुधा ९ मीटर असते. वर्तुळातल्या प्रत्येक झाडाची जात लिहितात, कॅलिपर लावून जाडी मोजतात, काहींची उंची घेतात आणि वर्तुळात किती लाकूड उभे आहे ते काढतात. मग संगणकापुढे दोन रकाने मांडतात. एका बाजूला वर्तुळावर पडलेल्या लेझर बिंदूंच्या उंचीची वाटणी व दाटी, दुसऱ्या बाजूला कॅलिपरने काढलेले लाकूड. अशा शेकडो जोड्यांवरून एक सांख्यिकीय समीकरण बसवतात. शेवटी सगळ्या जंगलाचे १६ मीटर बाजूचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातल्या बिंदूंवरून, समीकरणाच्या साहाय्याने, तिथे किती लाकूड ‘असावे’ ते लिहितात. (९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा, मग १६ मीटर बाजूच्या चौरसाचे. चौकोन १६ मीटरचाच का, ते कळेल.)

म्हणजे जंगलात माणूस गेलाच. फक्त पूर्वी तो सगळीकडे जात असे, आता नमुन्यापुरता जातो. जिथे तो गेला तिथे मोजमाप झाले. बाकी सगळीकडे अंदाज आहे. चांगला अंदाज आहे, पण अंदाजच.

‘चांगला’ हा शब्द मी शिष्टाचार म्हणून वापरलेला नाही. जुन्या पद्धतीत अनुभवी वनाधिकारी जंगलातून चालत जाई आणि बरेचसे नजरेने ठरवी. त्याच्या आकड्यांत २० ते ३० टक्क्यांची चूक ही नित्याची गोष्ट होती. नेसेत यांच्या रीतीने एका-दोन हेक्टरांच्या तुकड्यातल्या एकूण लाकडाचा अंदाज घेतला तर चूक साधारण १० ते २० टक्क्यांवर येते, आणि खर्चही कमी. फिनलंडची तीन-चतुर्थांश भूमी जंगलाखाली आहे आणि त्या जंगलाचा मोठा भाग लाखो कुटुंबांच्या खाजगी मालकीचा आहे. अशा देशाने २०१०च्या आसपास ही रीत सरसकट स्वीकारली यात नवल नाही. माझी तक्रार रीतीबद्दल नाही. रीत ज्या शब्दांत सांगितली जाते त्या शब्दांबद्दल आहे, आणि त्या शब्दांवर विश्वासून जे निर्णय होतात त्यांच्याबद्दल.

ही तक्रार मुलांना समजावून द्यायची असेल तर शाळेच्या आवारात एक प्रयोग करता येईल. निलगिरीची दहा झाडे निवडा. सावलीच्या रीतीने प्रत्येकाची उंची काढा. काठीची उंची आणि काठीची सावली यांचे जे गुणोत्तर, तेच झाडाचे. आठवीच्या मुलाला हे जमते. टेपने गोलाई मोजा. आलेखावर दहा बिंदू मांडून त्यांच्यामधून जमेल तितकी चांगली सरळ रेषा काढा. आता अकराव्या निलगिरीची फक्त उंची मोजा आणि रेषेवरून गोलाई सांगा. मग टेप लावून पाहा. बहुधा बऱ्यापैकी जवळ याल. त्यानंतर तीच रेषा आवारातल्या आंब्याला लावून पाहा. जे हसू होईल त्यात या विषयाचे निम्मे मर्म आले. समीकरण ज्या झाडांवर शिकले त्यांच्याबद्दलच ते बोलू शकते. त्याला आंबा दाखवला तर ‘मला माहीत नाही’ असे ते म्हणत नाही. तितक्याच आत्मविश्वासाने एक आकडा देते.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. दहांपैकी सर्वांत जाड झाड बहुधा रेषेच्या वर असेल आणि सर्वांत बारीक झाड रेषेच्या खाली. रेषा मधून जाते, म्हणून ती टोकांना मध्याकडे ओढते. जंगलाच्या नकाशावरही हेच घडते. जिथे लाकूड भरगच्च आहे तिथे आकडा कमी येतो, जिथे विरळ आहे तिथे जास्त. साऱ्या जिल्ह्याची सरासरी काढली तर दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि सरासरी सुरेख जमते. पण जंगलाचे व्यवस्थापन सरासरीवर होत नाही. या तुकड्यात तोड करायची की त्या, हे ठरवायचे असते. आणि जुन्या, भरगच्च, वेगळ्या तुकड्यांबद्दलच हा नकाशा सर्वांत जास्त चुकतो.

जातीचा प्रश्न याहून बिकट आहे. फिनलंडच्या जंगलात मुख्यतः तीनच झाडे: पाइन, स्प्रूस आणि बर्च (आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद). जात ओळखायला लेझरच्या जोडीला हवाई छायाचित्रे घेतात. तरीही एकूण लाकडाचा अंदाज दहा टक्क्यांच्या घरात येत असताना पानगळीच्या झाडांच्या लाकडात पन्नास टक्क्यांहून मोठी चूक झाल्याची उदाहरणे आहेत. कारण सरळ आहे. ही झाडे थोडी, विखुरलेली, आणि नमुन्याच्या वर्तुळांत क्वचित सापडणारी. त्यांतच ॲस्पेन येतो. लाकडाच्या हिशेबात तो किरकोळ आहे. पण जुन्या ॲस्पेनच्या ढोलीत उडती खार घर करते. (ही आपली शेकरू नव्हे. शेकरू उडी मारते, ही पंजांमधली कातडी ताणून तरंगत जाते.) तिची घरटी असलेली जागा नष्ट करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे तोडीपूर्वी ज्या झाडाची नोंद सर्वांत महत्त्वाची, तेच झाड या मोजणीत बर्चच्या गर्दीत हरवून जाते. जमिनीवर पडलेले, कुजत असलेले खोडही असेच. शेकडो प्रकारचे किडे आणि बुरश्या त्यावर जगतात, आणि घनमीटरच्या रकान्यात त्याला जागा नाही. नव्याने लावलेली गुडघाभर रोपेही विमानाला गवत-झुडपांपासून नीट वेगळी काढता येत नाहीत. कुठे निंदणी-विरळणी हवी हे बघायला माणूसच पाठवावा लागतो.

शिवाय समीकरण लवकर शिळे होते. जमिनीचा नकाशा करणाऱ्याला झाडांवर पाने नको असतात, म्हणून तो पालवी फुटण्यापूर्वी उडतो. त्या उड्डाणावर बसवलेले समीकरण उन्हाळ्यातल्या, पाने असलेल्या उड्डाणाला चालत नाही. यंत्र बदलले तरी तेच. फिनलंडच्या भूमापन विभागाने २००८ मध्ये देशभराचे लेझर सर्वेक्षण सुरू केले तेव्हा दोन चौरस मीटरांत सुमारे एक बिंदू पडत असे. २०२० पासूनच्या फेरीत एका चौरस मीटरात पाच पडतात. बिंदू दहापट झाले. पण त्यामुळे कॅलिपरवाल्या माणसाचे काम संपले का? नाही. नव्या बिंदूंचा अर्थ लावायला नवी वर्तुळे लागतात. किती बिंदू पडले याची बातमी होते, किती वर्तुळे मोजली याची होत नाही. माझ्या मते उलट व्हायला हवे. पैसे वाचवायचे म्हटले की पहिली कात्री वर्तुळांना लागते, कारण ती कोणाच्या डोळ्यात भरत नाहीत.

आता निर्णयांकडे येऊ. फिनलंडमधला जंगलमालक स्वतःच्या जंगलाची माहिती घरबसल्या संगणकावर पाहू शकतो. कोणत्या तुकड्यात किती लाकूड आहे, कुठे विरळणी करावी, कुठे तोडीला आले आहे, अशा सूचनाही त्याला मिळतात. अनेक मालक शहरांत राहतात आणि जंगलात वर्षानुवर्षे पाऊल टाकत नाहीत. पडद्यावर एका तुकड्याला हेक्टरी २१४ घनमीटर असे दिसले समजा. हा आकडा बहुधा काही वर्षांपूर्वीच्या उड्डाणाचा. त्यावर समीकरण चालवलेले, आणि पुढच्या वर्षांची वाढ आणखी एका समीकरणाने त्यात मिळवलेली. मालकाला मात्र तो मोजलेला आकडा वाटतो. त्यातल्या ‘४’ने तर विशेषच.

आणि पैसे देण्याची वेळ आली की काय होते? तिथे तोड करणारे यंत्र खोड पकडते, सोलते आणि ओंडके कापता कापता त्यांची लांबी व जाडी मोजत जाते. लाकडाचे पैसे सर्वसाधारणपणे या मोजणीवर चुकते होतात, विमानाच्या आकड्यावर नाही. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही खोडाला काहीतरी टेकवून घेतलेले माप हवे असते. व्यवहारी माणसांनी अंदाज आणि माप यांतला फरक बरोबर ओळखला आहे. आम्हा विज्ञान-लेखकांनाच तो सांगावासा वाटत नाही.

याहून बोलके उदाहरण संपूर्ण देशाच्या हिशेबाचे आहे. युर्यो इल्वेसालो यांच्या देखरेखीखाली फिनलंडची पहिली राष्ट्रीय वनमोजणी १९२१ मध्ये सुरू झाली. देशावर समांतर रेषा आखून माणसे त्यांवरून चालत गेली, आणि १९२४ पर्यंत साऱ्या देशाच्या जंगलाचा अंदाज हाती आला. ती परंपरा आजही चालू आहे. देशभर विखुरलेल्या कायम वर्तुळांकडे माणसे ठरावीक वर्षांनी परत जातात आणि त्याच झाडांना पुन्हा कॅलिपर लावतात. २०२२ मध्ये तिथे एक धक्कादायक हिशेब जाहीर झाला: २०२१ साली वने, शेती व दलदलीच्या जमिनी मिळून देशाच्या भूमीने जितका कार्बन शोषला त्याहून जास्त सोडला. (पुढे गणनेची रीत सुधारल्यावर आकडे बदलले, पण दिशा बदलली नाही.) तोड वाढली होती, दलदलीची जमीन कार्बन सोडत होती, आणि पाइनची वाढ मंदावली होती. यातली वाढ मंदावल्याची गोष्ट कळली ती त्या कायम वर्तुळांतून, जमिनीवर जाऊन घेतलेल्या मापांतून. ज्या देशाने जंगलाच्या लेझर-मोजणीत जगाला धडे दिले, तो देशसुद्धा आपला राष्ट्रीय हिशेब कॅलिपरच्या आधारानेच करतो.

हे सारे आपल्या दाराशी आले आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतल्या निवडक वनक्षेत्रांच्या लेझर सर्वेक्षणावर आधारलेले प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. वॅपकॉस या सरकारी कंपनीने ते तयार केले. त्यांचा उद्देश लाकूड मोजण्याचा नव्हता. पाणी कुठून वाहते, ते कुठे अडवावे, म्हणजे जंगलातच पाणी व चारा वाढेल आणि जनावरे गावाकडे येणार नाहीत, हे ठरवण्याचा होता. झाडीखालची जमीन पाहण्याचे हे काम लेझर उत्तम करतो आणि त्यासाठी समीकरणाच्या उड्या माराव्या लागत नाहीत. पण याच आकड्यांतून उद्या कोणीतरी सह्याद्रीतले लाकूड किंवा कार्बन काढून दाखवील, आणि दाखवणे अवघडही नाही. फिनलंडमध्ये तीन जाती होत्या. सह्याद्रीच्या एका हेक्टरात कित्येक डझन सापडतील, तेही तीव्र उतारावर, जिथे उंचीची वजाबाकीच गडबडते. कार्बन काढायचा तर लाकडाची घनताही हवी. आपल्याकडे सावरीचे लाकूड हलके आणि अंजनाचे इतके जड की पाण्यात बुडते. वरून दोघांची उंची सारखी दिसू शकते.

त्या बाईंना मी नंतर पत्राने कळवले: जाडी वरून दिसत नाही, खाली कोणीतरी मोजलेली असते. त्यांनी उलटटपाली दोनच प्रश्न विचारले. ज्यांनी मोजली त्यांनी किती ठिकाणी मोजली? आणि त्या जागा कोणी निवडल्या? पहिल्याचे उत्तर निदान शोधून सापडते. दुसऱ्याचे मला बहुतेक अहवालांत अजून सापडलेले नाही.